पोटाला पुरूलालंय का?

बाळ झाल्याचा फोन केला की माणसं ठरलेल्या क्रमानं विचारतात. मुलगा की मुलगी, मग वजन किती, मग "दोघींची तब्येत बरी ना", आणि नातं जवळचं असेल तर बिल किती झालं. आमच्या आक्काला यातलं काहीच नको असतं. मुलगा होवो, मुलगी होवो, जुळं होवो, तिचा प्रश्न एकच: "पोटाला पुरूलालंय का?"

२०२४च्या श्रावणात नांदेडला आम्हाला मुलगी झाली. डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी लातूरला फोन लावला. मुलीला या जगात येऊन तेव्हा जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. आक्कानं प्रश्न विचारला. मी म्हणालो, "अगं, अजून डोळे तरी नीट उघडू दे."

पलीकडून लांब उसासा आला. "मंजे पुरत न्हाई. निघते मी."

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं आत्या. पण वडील आक्का म्हणतात म्हणून आम्हीही आक्का म्हणतो, आमची पोरं आक्का म्हणतात आणि गॅसची टाकी घेऊन येणारा पोरगाही आक्काच म्हणतो. तेव्हा वय ७६. प्रत्येक मोठ्या घराण्यात एक लग्नं जमवणारी असते, एक जमलेली मोडणारी असते आणि एक बाळंतपणं काढणारी असते. आमच्याकडे तिसरं खातं आक्काकडे. औशापासून मुखेडपर्यंत आणि निलंग्यापासून लोह्यापर्यंत तिनं ४१ बाळंतपणं काढली आहेत. हा हिशेब कुठं लिहिलेला नाही, पण प्रत्येकीची नोंद डोक्यात पक्की आहे आणि ती दुधावरून आहे. "निलंग्याची मधली. दूध उतू चाललं हुतं, पर पोरगंच आळशी." "उदगीरची धाकटी. दूध बेताचं, सासू जास्तीची." माणसाच्या आयुष्याचं मोजमाप ती अजूनही तिथूनच काढते. माझा एक चुलतभाऊ बँकेत मॅनेजर झाला, तेव्हा सगळे पेढे खात असताना आक्का म्हणाली, "हुणारच. दोन वर्सं अंगावर पेला त्यो."

पूर्वी तिचा संचार जिल्ह्यापुरता होता. सरकारनं तो वाढवला. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी फुकट झाली, आणि पुढच्याच वर्षी आधार कार्डाप्रमाणे आक्काला ७५ पूर्ण झाली. त्या दिवसापासून चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा हा सगळा रस्ता तिच्या मालकीचा आहे. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. ते ती जपून कनवटीला लावते, आणि शेजारच्या बाईला नांदेड येईपर्यंत, म्हणजे चारेक तास, अळिवाची माहिती देते. शेजारी पुरुष बसला असला तरीही देते. "तुमच्या सुनंला सांगा," म्हणते.

त्या संध्याकाळी ती आली ती एक वायरची पिशवी, एक पत्र्याचा डबा आणि एक मुलूखगिरीवर निघालेला चेहरा घेऊन. पिशवी जमिनीवर टेकली तेव्हा फरशी दचकली. आत अळीव, डिंक, खारीक, खोबरं, खसखस, मेथ्या, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, शतावरी, वेखंड, आणि जुन्या पातळाच्या मऊसूत धडप्यांचं एक गाठोडं. सगळा माल गंजगोलाईतला. "हे नांदेडात मिळत नाही का?" असं मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि आक्काच्या मते त्यातल्या प्रत्येक रस्त्यानं चांगलं खोबरं आत येतं आणि उरलेलं नांदेडला जातं.

तिनं पाय धुतले, बाळाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं (दृष्ट लागते म्हणून) आणि नर्सला थेट विचारलं, "चीक पाजला का?"

पाजला होता. पहिल्या तासातच पाजला होता. आक्कानं मान डोलावली. या बाबतीत ती सुधारकांच्या बाजूची आहे, पण झालेली आहे, मुळातली नाही. तिच्या तरुणपणी बाईचा चीक वाईट म्हणून पिळून टाकत आणि लेकराला तीन दिवस मधाच्या बोटावर, गुळाच्या पाण्यावर ठेवत. पुढं गावातल्या अंगणवाडीच्या बाईनं तिला सांगितलं की हा पिवळा, घट्ट चीक म्हणजे लेकराची पहिली लसच. आणि पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो तरी किती, तर चमचाभर. आक्काला ते पटलं ते तिच्याच कारणानं. "म्हशीचा चीक आला की खरवस करून गल्लीभर वाटायलो," ती म्हणते, "आन् बाईचा भुईवर वतायलो. बाईपरीस म्हशीची किंमत जास्त, दुसरं काय!"

तिसऱ्या दिवशी आम्ही तरोड्याला सासरवाडीत आलो आणि आक्काचं राज्य सुरू झालं. शिकवण्यांचा लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाळंतिणीचा लातूर पॅटर्न त्याच्याही आधीचा. पहाटे पाचला उठवणे. सहाला दुधात शिजवलेली अळिवाची खीर. आठला अंगाला तेल, शेक, धुरी. नऊला डिंकाचा लाडू आणि त्याच्यामागून मेथीचा, म्हणजे गोडामागं कडू, आयुष्याची तयारी. अकराला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, कारळाची चटणी, लसूण आणि भाकरीच्या पापुद्र्यात जिरेल इतकं तूप. चारला खसखशीची खीर. रात्री मऊ भात. जेवणानंतर ओवा, बाळंतशेपा, खोबरं. मधे सुट्टी नाही आणि प्रत्येक पेपर सक्तीचा.

जे खायचं नाही त्याची यादी आणखी मोठी. वांगं वातूळ, पत्ताकोबी वातूळ, हरभऱ्याची डाळ तर वातूळांची राणी. केळ थंड. ताक आंबट. फ्रिजमधलं काहीही म्हणजे साक्षात वैरी. बायकोनं एकदा दबक्या आवाजात "थोडी कॉफी?" म्हटलं तर आक्कानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं बाळाला पानपट्टीवर न्यायची परवानगी मागितली.

घरात दुसरं विद्यापीठ नसतं तर हे सगळं सुरळीत चाललं असतं. आमच्या सासूबाईंचं माहेर देगलूरचं. तेलंगणा तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्याकडे बाळंतिणीला गरम भात, त्यावर लसणाची कोरडी तिखट चटणी आणि तूप. आक्काचा भातावर विश्वास नाही.

"विहीणबाई, भातानं दूध पातळ हुतंय."

"आमच्या सगळ्या लेकी भातावरच वाढल्या की हो, आक्का."

आक्कानं एकदा बायकोकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "दिसूलालंय," ती म्हणाली. आता यात नेमकं कोणाचं काय दिसत होतं हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. तडजोड अशी निघाली की सकाळ लातूरची, संध्याकाळ नांदेडची. लसूण मात्र दोन्ही विद्यापीठांत सक्तीचा होता. दोघींनाही ठाऊक नव्हतं, पण अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांनी १९९१ साली हे तपासून पाहिलेलं आहे. आईनं लसूण खाल्ला की दोनेक तासांनी दुधाला त्याचा वास येतो, आणि बाळं तोंड वाकडं करण्याऐवजी जास्त वेळ चोखत बसतात. मराठवाड्यातलं लेकरू चटणीची ओळख पाळण्यातच करून घेतं ती अशी.

नांदेड म्हटल्यावर मामला दोन विद्यापीठांवर थांबत नाही. पाचव्या दिवशी पलीकडच्या सरदारजींच्या घरून स्टीलचा डबा भरून पंजिरी आली. आक्कानं चिमूटभर घेऊन जिभेवर घोळवली. कणीक, तूप, डिंक, सुंठ, बदाम. "आपलाच लाडू हाय की," तिचा निकाल झाला. "नुस्ता वळायचा ऱ्हायलाय." दुसऱ्या दिवशी समोरच्या खालाजान हरीरा घेऊन आल्या. त्यातही खसखस, बदाम, तूप, डिंक. आक्का कढत कढत पेलाभर प्यायली, कारण बाळंतिणीला देण्याआधी परीक्षा घेणं तिचं कर्तव्य होतं. मग खालाजानच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "देव येगळा आसंल माय, डिंक एकच हाय."

या सगळ्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. बाळंतिणीला जेवढं खाववत नव्हतं तेवढं मला खावं लागत होतं, कारण लाडू उरलेला दिसला की चौकशी लागायची. सव्वा महिन्यात माझं वजन चार किलोंनी वाढलं. दूध सोडून मला सगळं आलं.

आता मूळ प्रश्नाकडे. "पोटाला पुरूलालंय का?" हा प्रश्न एकदा विचारला तर काळजी असते. दिवसातून वीस वेळा विचारला तर तो आरोप होतो. बाळ रडलं, पुरत नसेल. झोपलं, पुरत नाही म्हणून गळाठलं असेल. मूठ चोखली, बघा, पुरत नाही. आक्काचं बघून सासूबाई विचारायला लागल्या, सासूबाईंचं बघून मी, आणि फोनवरून दोन्ही बाजूंच्या मावश्या. सहाव्या रात्री एक वाजता मुलगी जी रडायला लागली ती थांबेना. कोणीतरी पुन्हा तो प्रश्न विचारला. कोणीतरी म्हणजे मीच. बायको ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "नाही पुरत! झालं समाधान?" आणि ती रडायला लागली. ते बघून सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. तीन पिढ्या तीन सुरांत.

परभणीच्या एका मावशीनं एवढ्या रात्री फोनवरून फर्मान काढलं की वरचं सुरू करा. मी स्कूटर काढली, उघडं मेडिकल शोधलं आणि पावडरचा डबा घेऊन आलो. घरी दिव्याखाली वाचलं तर त्याच्यावर ठळक अक्षरांत छापलेलं, की बाळासाठी आईचं दूध सर्वोत्तम. तसं छापायचा कायदाच आहे, १९९२चा. मला घेऊ नका असं सांगत दुकानात बसणारी दुसरी वस्तू फक्त सिगारेट.

आक्कानं माझ्या हातातून डबा घेतला, उलटसुलट बघितला आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. "आणलास, बरं केलास. आसू दे तिथं." मग बाजेवर बसली, बायकोच्या पाठीशी दोन उशा लावल्या, लेकरू उचलून तिच्या छातीशी दिलं, दिवा मालवला आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार लावताना फक्त एवढंच म्हणाली, "तिच्या तोंडाकडं बघत बसू नका रे. म्हस सुद्धा परक्या माणसापुढं पान्हा चोरती."

अर्ध्या तासानं आतून आवाज यायचा थांबला.

सकाळी बाळाच्या डॉक्टरांकडे गेलो. आक्का अर्थातच बरोबर. डॉक्टरीणबाई वयानं आक्काच्या नातीएवढ्या. त्यांनी मुलीचं वजन केलं, बायकोला पाजायला लावून बाळाचं तोंड नीट धरलंय का ते बघितलं, थोडं वळवून दिलं आणि विचारलं, "चोवीस तासांत लंगोट किती वेळा ओले होतात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दूध पुरतं की नाही याची चिंता घरातल्या सात माणसांनी केली होती. लंगोट कोणीच मोजले नव्हते.

"सहा किंवा जास्त ओले होत असतील तर दूध पुरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं. बाळ काय फक्त भुकेनं रडतं का? गरम होतं, एकटं वाटतं, पोटात वारा धरतो."

आक्कानं आपला जाहीरनामा मांडला: अळीव, डिंक, शतावरी, बाजरी. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आजी, सगळं घाला. वांगंही घाला. पहिले सहा महिने बाळंतिणीला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतातच. पाणी तहान लागेल तेवढं द्या, अडवू नका. पण दूध वाढतं ते लाडवानं नाही, पिण्यानं वाढतं. बाळ जितकं ओढेल तितकं तयार होतं. रात्रीचं पाजणं तर अजिबात चुकवायचं नाही, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. आणि आईला ताण आला तर तयार झालेलं दूधही उतरत नाही."

४१ बाळंतपणं काढलेल्या बाईला हे ऐकवणं सोपं नव्हतं. आम्ही स्फोटाची वाट पाहत होतो. आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंजे हिरीवाणी. उपसा आसंल तर झरे मोकळे ऱ्हातेत. उपसा थांबला की झरे बुजतेत."

"अगदी तसंच, आजी."

"मग मी दुसरं काय म्हणूलाले चाळीस वर्सं?" असं म्हणून आक्का उठली. हरणं हा प्रकार तिला येतच नाही.

त्या दिवसापासून तिनं तोंडानं तो प्रश्न विचारणं बंद केलं. आता तिचा सगळा जीव दोरीवर. श्रावणातली झड असल्यानं दोरी हॉलमध्येच बांधलेली होती आणि तिच्यावर पातळाच्या धडप्यांचे लंगोट ओळीनं लटकत. पाहुण्यांना त्यांच्याखाली बसूनच चहा प्यावा लागे. आक्का सकाळ-संध्याकाळ दोरीपुढं उभी राहून बोटानं मोजायची आणि लातूरला फोन करायची. लातूरचा माणूस मांजरा धरणाची पातळी जशी विचारतो, तशी आमच्या घरची पातळी तिकडे कळवली जायची. "आज नऊ! काल आठ हुते, आज नऊ!" वडील तिकडून म्हणत, "मग चिंता नाही, उन्हाळ्यापर्यंत जातंय."

पण लाडवांचा कार्यक्रम तिनं रत्तीभरही कमी केला नाही. मला याचं नवल वाटलं. डॉक्टरांचं पटलंय, विहिरीचा दृष्टांतही स्वतःच दिलाय, मग पहाटे पाचला उठून अळीव शिजवायचं कशाला? आणि मी वाचलेलंही तेच होतं. अळिवात लोह भरपूर, मेथी-शतावरीचा गुण काही अभ्यासांत दिसतो तर काहींत दिसत नाही, आणि अमुक खाल्लं की दूध वाढलंच असा ठाम पुरावा कशाचाच नाही. अर्धपोटी बाईलाही दूध येतं. ऊसतोडीच्या फडावर मोळ्या वाहणाऱ्या आमच्याच भागातल्या बाया लेकरं वाढवतात, त्या काय डिंकाच्या लाडवांवर? मी हे सगळं एका दुपारी, लाडू खातखातच, आक्काला ऐकवलं.

आक्का खारका फोडत होती. अडकित्ता थांबला नाही.

"दादा कोणत्या सालचा, ठाऊक हाय का?"

दादा म्हणजे तिचा थोरला. आज साडेपाच फुटाच्या वर, दाराच्या चौकटीत मावत नाही असा गडी. १९७२चा.

"धा दिसांचं न्हाणं उरकलं आन् तिसऱ्या म्हैन्यात मी कामावर. बाहत्तरचा दुष्काळ. खडी फोडायचं काम. बाभळीला झोळी बांधायची, झोळीत दादा. खायला रेशनची लाल मिलो. तिची भाकर थापली की फुटायची. कामावर सुकडी मिळायची वंजळभर. लाडू?" ती हसली. "डिंक झाडाला हुता. तूप कुठं हुतं, म्हशीच इकल्या हुत्या. तरी दूध आलं. दादा बघ कसा हाय. दुधाला काय बी कमी पडलं न्हाई."

"मग तेच तर मी म्हणतोय."

"दूध आलं रे," आक्का म्हणाली, "पर ते माझ्यातनं आलं. पस्तिशीत दाताचा बोळा झाला. कंबर तवापासून जी गेली ती गेली."

अडकित्ता पुन्हा वाजायला लागला. मी हातातला लाडू खाली ठेवला.

नंतर कळलं, डॉक्टरही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच सांगतात. बाळाला दिवसाकाठी साधारण पाऊण लिटर दूध लागतं. आई नीट जेवली नाही तरी शरीर लेकराचा वाटा बऱ्याच अंशी आधी बाजूला काढतं, आणि तो काढतं आईच्या साठ्यातून. तिच्या हाडांतलं कॅल्शियमसुद्धा या काळात घटतं. अंगावरचं सुटल्यावर खाणं-पिणं बरं असलं तर ते बहुधा भरून येतं. ज्या बाईला भरून काढायला सवडच मिळाली नाही, तिचं काय, हे आक्काला विचारावं.

सव्वा महिना भरला. बाळंतिणीनं विहीर पुजली. म्हणजे सोसायटीच्या बोअरवेलला हळद-कुंकू वाहिलं. आक्का निघाली. नांदेडच्या बसस्थानकावर लातूर गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "आक्का, लाडवानं दूध येत नाही हे तुला बाहत्तर सालापासून ठाऊक आहे. मग चाळीस वर्षं सगळ्या सासवांना 'दुधासाठी, दुधासाठी' म्हणून का सांगत फिरलीस?"

आक्कानं इकडे तिकडे पाहिलं. बसस्थानकात कोणाची सासू ऐकत नाही याची खात्री करून घेतली.

"सुनंला तूप घाला म्हणलं आस्तं, तर कोण घाटलं आस्तं? आन् लेकराच्या दुधासाठी तूप पायजे म्हणलं, की सासू फडताळाचं कुलूप काढती. सुनंला झोपू द्या म्हणलं तर नाक मुरडतेत. झोपली न्हाई तर दूध आटंल म्हणलं की समदी चिडीचूप." आणि मग स्वतःवरच खूश होऊन म्हणाली, "लातुरात पाण्याची रेल्वे आली हुती बघ, २०१६ला, मिरजंहून. तवा मी गांधी चौकाकडं एकीच्या बाळंतपणाला हुते. टँकरम्होरं ही रांग! मी म्हणलं, घरात वली बाळंतीण हाय, पाणी न्हाई मिळालं तर लेकराचं दूध तुटंल. रांग आपून सरकली. दोन घागरी आणल्या. एकीत तिची आंघोळ."

"म्हणजे तू इतकी वर्षं थापा मारल्यास."

"थाप कसली? नाव लेकराचं, खाणं तिचं. लेकराचं बी काय वाईट झालं न्हाई ह्यात."

मला एकदम जिन्यातला तो फोन आठवला. "मग 'पोटाला पुरूलालंय का' म्हणून विचारतेस, ते कोणाच्या पोटाला?"

"दोघींच्या," आक्का म्हणाली. "पर आधी तिच्या. लेकरू रडून सांगतंय. सुनबाईला रडायची चोरी."

गाडी लागली. मी पत्र्याचा डबा वर चढवून दिला. तो रिकामा असायला हवा होता, पण चांगलाच जड लागला. त्यात सासूबाईंनी दिलेली देगलूरची लसूण चटणी, सरदारजींच्या घरची पंजिरी आणि खालाजानकडून लिहून घेतलेली हरीऱ्याची कृती होती. पुढचं बाळंतपण उदगीरला, पुढच्या महिन्यात. कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडलं. आक्कानं ते कनवटीला लावलं आणि शेजारी बसलेल्या तरुणाला विचारलं, "लगीन झालंय का रे बाळ तुझं?"

तुमच्या घरात बाळंतीण असेल तर लाडू जरूर करा, डिंकाचे करा, अळिवाचे करा, नुसत्या शेंगदाणा-गुळाचे केले तरी चालतील. फक्त डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिचा हात पोचेल तिथं ठेवा. दूध पुरतंय का, हे तिला विचारू नका, ते दोरीवरचे लंगोट सांगतील. तिला विचारायचं ते एवढंच, की जेवलीस का आणि झोप झाली का. आणि एवढं विचारून झालं की मधल्या वेळच्या रडण्याला बाळ तुम्ही घ्या.